मुठीतली वाळू

कोळ्याचे जाळे तुम्ही पाहिले आहे. जाळ्याच्या वरच्या दोरीला बोये असतात. ते जाळे वर धरतात. खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या असतात. त्या जाळे खाली ओढतात.

या गोळ्या बाजारात मिळतात. पण पुष्कळ लोक त्या घरीच करतात. जुने शिसे लोखंडी पळीत घालतात. पळी विस्तवावर धरतात. थोड्या वेळात शिशाचे पाणी होते. ते साच्यात ओततात. निवले की गोळी तयार.

यालाच ओतकाम म्हणतात. धातू तापवून पातळ करायचा आणि पोकळ जागेत ओतायचा. पोकळीचा जो आकार, तोच धातूचा आकार. मोदकाचा साचा आणि धातूचा साचा, दोघांचे तत्त्व एकच. देवळातली घंटा ओतीव असते. पितळी समई ओतीव असते. होडीच्या इंजिनातला पिस्टनही बहुधा ओतीवच असतो. पितळेचे ओतकाम करणाऱ्या कारागिरांना आपल्याकडे ओतारी म्हणतात.

अलिबागचा कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. ओहोटीला तेथे चालत जाता येते. किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्या १८४९ सालच्या आहेत. इंग्लंडातल्या लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव त्यांच्यावर वाचता येते. त्या तोफाही ओतूनच केलेल्या.

कोणता धातू किती उष्णतेला वितळतो ते पाहू. पाणी १०० अंशांना उकळते, हे ध्यानात ठेवून पुढचे आकडे वाचा.

शिसे – ३२७ अंश
जस्त – ४२० अंश
अ‍ॅल्युमिनियम – ६६० अंश
पितळ – ९०० अंशांच्या वर
ओतीव लोखंड – सुमारे १२०० अंश

भाच्याचे इंजिन

आता एक गोष्ट ऐका. अलिबागजवळ किनाऱ्यावर एक गाव आहे. तेथे एक मेस्त्री राहतात. होड्यांची इंजिने दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. घरामागे पत्र्याची पडवी आहे. पडवीत एक जुना लेथ आहे. सारा गाव त्यांना मेस्त्रीमामा म्हणतो.

त्यांचा भाचा आयटीआयमध्ये शिकतो. सुट्टीत तो मामांकडे आला. म्हणाला, "मामा, मला एक लहान इंजिन करायचंय. हातावर मावेल एवढं. पण चालणारं हवं."

मामा म्हणाले, "कर की. भाग कुठनं आणशील?"

"भागच घरी ओतायचे आहेत मामा. पण लोक हसतात. म्हणतात, इंजिन काय घरी होतं?"

मामा म्हणाले, "हसू देत. तुला एका माणसाची गोष्ट सांगतो."

ती गोष्ट अशी. मुंबईला अर्देशिर करसेटजी वाडिया नावाचे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८०८ सालचा. घराणे जहाजे बांधणारे. त्या काळी वाफेची इंजिने विलायतेहून येत. अर्देशिर यांनी ती विद्या मन लावून शिकून घेतली. १८३३ च्या सुमारास त्यांनी एक अश्वशक्तीचे लहान वाफेचे इंजिन स्वतः तयार केले. एक अश्वशक्ती म्हणजे फार थोडी ताकद. आजच्या विहिरीवरच्या साध्या पंपाएवढी. पण ते इंजिन येथे, या देशात झाले. त्यांनी आपल्या राहत्या घरी एक छोटी ओतशाळाही घातली होती. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून दाखवले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

भाचा म्हणाला, "म्हणजे घरच्या भट्टीतून सुरुवात झाली!"

"झाली. पण घाईनं नाय झाली," मामा म्हणाले. "आधी शिकायचं. मग विस्तव पेटवायचा."

काय ओतायचे?

भाच्याने तीन भाग ठरवले. पहिला भाग बैठक. तिच्यावर इंजिन उभे राहते. दुसरा भाग नळकांडे, म्हणजे सिलिंडर. त्यात दट्ट्या मागेपुढे होतो. तिसरा भाग जड चाक. दट्ट्याचा धक्का सतत मिळत नाही, थांबून थांबून मिळतो. जड चाक एकदा फिरू लागले की मधल्या वेळातही फिरत राहते. त्यामुळे इंजिन अडत नाही.

"मामा, चाक लोखंडाचं ओतू या का? जड होईल."

"लोखंडाला बाराशे अंश लागतात. ते घरच्या भट्टीचं काम नाय. अ‍ॅल्युमिनियम घे. चाक थोडं मोठं कर, म्हणजे झालं."

मामांकडे मोडीत निघालेले पिस्टन होते. ओतकामाला असे पिस्टन चांगले. त्यांच्या धातूत सिलिकॉन मिसळलेले असते. त्यामुळे धातू पातळ होऊन कानाकोपऱ्यात पोचतो. पेयांचे पातळ डबे मात्र वाईट. त्यांची मळीच फार होते.

मामांनी पिस्टनच्या पोलादी कड्या आणि पिना काढून टाकल्या. एक पांढरा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला. तो हातात फारच हलका लागत होता.

"हा का नको, मामा?"

"हा मॅग्नेशियमचा असू शकतो. दिसतो अ‍ॅल्युमिनियमसारखा, पण भट्टीत पेट घेतो. त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. ज्याची ओळख नाय, तो तुकडा मुशीत घालू नये."

साचा कसा करतात?

आधी लाकडाचा नमुना करतात. चाक हवे असेल तर लाकडाचे चाक करायचे. पण ते हुबेहूब त्याच मापाचे नको. धातू निवताना आकसतो. अ‍ॅल्युमिनियमला १०० मिलिमीटरमागे सव्वा ते दीड मिलिमीटर जास्त धरावे लागते. शिवाय लेथवर कातून गुळगुळीत करायला दोन-तीन मिलिमीटर वेगळे ठेवावे लागतात.

नमुन्याच्या बाजू सरळ उभ्या नसाव्यात. त्यांना थोडा उतार हवा. बादली तोंडाशी रुंद असते आणि तळाशी अरुंद असते. म्हणून एका बादलीतून दुसरी बादली सहज निघते. तसाच नमुना वाळूतून सहज निघाला पाहिजे.

मग दोन चौकटी घेतात. त्यांना तळ नसतो, झाकण नसते. एक खालची पेटी, एक वरची पेटी. आता क्रमाने पाहा.

१. नमुना सपाट फळीवर ठेवा. त्याभोवती खालची पेटी ठेवा. नमुन्यावर शंखजिऱ्याची भुकटी टाका, म्हणजे वाळू चिकटणार नाही.

२. चाळलेली वाळू भरा आणि ठोकून घट्ट करा.

३. पेटी उलटी करा. नमुन्याची सपाट बाजू वर दिसेल. पुन्हा भुकटी टाका. वरची पेटी बसवा.

४. वरच्या पेटीत दोन गोल काठ्या उभ्या धरा आणि वाळू ठोका. मग काठ्या काढून घ्या. दोन भोके राहतील. एक भोक धातू ओतायचे. दुसरे धातू वर चढायचे.

५. बारीक तारेने वाळूत ठिकठिकाणी टोचा. या छिद्रांतून वाफ आणि वायू बाहेर जातात.

६. वरची पेटी अलगद उचला. नमुना काढून घ्या. दोन्ही भोकांपासून पोकळीपर्यंत लहान पन्हळ कोरा. वरची पेटी पुन्हा जागेवर बसवा. साचा तयार झाला.

धातू वर चढायचे भोक कशाला? अ‍ॅल्युमिनियम थिजताना सुमारे ६ टक्के आकसते. चाकाचा जाड भाग सर्वांत शेवटी थिजतो. तेव्हा त्याला आणखी धातू लागतो. तो या भोकातून मिळतो. भोक बारीक असेल तर तेच आधी थिजते. मग चाकात खड्डा पडतो.

मुठीची परीक्षा

भाचा किनाऱ्यावरून घमेलेभर वाळू घेऊन आला. मामांनी ती परत नेऊन टाकायला लावली.

"का हो मामा? वाळू ती वाळूच ना?"

"नाय रे. या वाळूत शिंपल्यांचा चुरा हाय. मीठ हाय. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उपसायला कायद्याची बंदी हाय. ओतशाळेला देतात ती धुतलेली बारीक वाळू आण."

दहा किलो वाळूला एक किलो बेंटोनाइट माती मिसळली. ही माती भिजली की चिकट होते. तिच्यामुळे वाळू धरून राहते. पाणी फक्त चारशे ग्रॅम. तेही एकदम ओतायचे नाही. शिंपडायचे आणि कालवायचे, पुन्हा शिंपडायचे आणि कालवायचे.

मग मामांनी परीक्षा शिकवली. वाळू मुठीत घट्ट दाबायची. मूठ उघडायची. वाळूवर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. हात ओला होता कामा नये. मग ती लादी दोन्ही हातांनी मोडायची. तिचे दोन स्वच्छ तुकडे झाले तर वाळू बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला ओल लागली तर पाणी जास्त.

दुसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस झाला. पडवीचा पत्रा गळत होता. वाळूच्या घमेल्यात पाणी ठिबकले होते. भाच्याला उद्या परत जायचे होते. तो म्हणाला, "मामा, वरची ओली वाळू काढून टाकतो. खालची चालेल. आज ओतूच या."

मामांनी मूठभर वाळू घेतली. दाबली. तळहात ओला झाला.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली. पायावर जुना व्रण होता. बोटांपासून घोट्यापर्यंत कातडी आवळलेली होती.

"तुझ्याएवढा होतो," मामा म्हणाले. "मलाही घाई होती. साचा ओला होता. पायात अशीच चप्पल होती. धातू आत गेला आणि तोफेसारखा वर उडाला. तीन महिने अंथरुणावर होतो. तुझ्या आजीनं बांगड्या मोडल्या औषधाला."

असे का होते? पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. एका पेल्यातले पाणी १७०० पेले वाफ होते. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमखाली पाणी सापडले तर त्याची वाफ क्षणात होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. मग ती धातूच उडवते. अंगावर येतो तो सातशे अंशांचा धातू.

भाच्याने घमेले बाजूला ठेवले. त्या दिवशी भट्टी पेटली नाही.

ओतण्याचा दिवस

भाचा पुन्हा दिवाळीच्या सुट्टीत आला. पाऊस संपला होता. हवा कोरडी होती. वाळूची परीक्षा झाली. तुकडे स्वच्छ मोडले.

मामांनी तयारी करून घेतली. अंगात सुती कपडे. नायलॉन नको, कारण ते वितळून कातडीला चिकटते. पायात बंद चामडी बूट. पायजमा बुटाच्या बाहेर, म्हणजे ठिणगी बुटात शिरत नाही. हातांत चामडी मोजे. तोंडावर जाळीची पारदर्शक ढाल. सिमेंटच्या जमिनीत ओल असते. तिच्यावर धातू सांडला तर जमीन फुटून उडते. म्हणून खाली कोरड्या वाळूचा थर पसरला. मुलांना अंगणाबाहेर पाठवले.

पत्र्याच्या लहान पिंपाला आतून अग्निमातीचा जाड लेप होता. तीच भट्टी. मध्ये मूस ठेवली. भोवती लोणारी कोळसा घातला. हाताच्या पंख्याने वारा दिला. मूस ओतशाळेत वापरतात तशी होती. पातळ पत्र्याचा डबा मूस म्हणून वापरू नये. त्याला भोक पडते आणि सारा धातू विस्तवात जातो.

पिस्टनचे तुकडे आधी भट्टीच्या काठावर तापवले. मगच मुशीत टाकले. थंड तुकड्यावर ओल असते. पळी आणि चिमटाही आधी तापवले.

धातू वितळला. भाचा म्हणाला, "मामा, हा लाल झाला नाय. तापला नसेल."

"इथंच माणूस फसतो," मामा म्हणाले. "लोखंड लाल होतं. अ‍ॅल्युमिनियम दिवसाउजेडी चांदीसारखंच दिसतं. थंड दिसलं तरी हाड जाळतं."

मामांनी वरची मळी पळीने काढली. मूस चिमट्याने उचलली. धार न तोडता, न थांबता धातू ओतला. दुसऱ्या भोकातून धातू वर आला. मामा थांबले. साच्यातून थोडी वाफ निघाली. बस्स, एवढेच.

चाकातले भोक

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. चाक निघाले. भाच्याला फार आनंद झाला. मामांनी ते लेथवर चढवले आणि कातले. वरची साल निघाली. तेव्हा आत वाटाण्याएवढे भोक दिसले.

भाच्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात शेजारचे तांडेल आले. त्यांनी चाक पाहिले. म्हणाले, "मेस्त्री, छान जमलं की! माझ्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचं झाकण फुटलंय. असंच एक ओतून द्या. नवं महाग मिळतं."

मामांनी चाकातले भोक त्यांना दाखवले. "तांडेल, हे वरून दिसत होतं का?"

"नाय."

"तुमच्या झाकणातही असं भोक राहील. वरून दिसणार नाय. खांदेरीच्या पलीकडे, वारा सुटला असताना झाकण फुटेल. इंजिन बंद पडेल. होडीत चार पोरं असतील. मी ते झाकण करणार नाय. कारखान्यात ओतलेला भाग तपासून देतात. तोच घ्या."

तांडेल थोडे नाराज झाले. पण दुसऱ्या दिवशी ते अलिबागला जाऊन नवे झाकण घेऊन आले.

भाच्याने भोक पडलेले चाक तोडले. तुकडे पुन्हा मुशीत गेले. दुसऱ्या साच्यात त्याने वर चढायचे भोक मोठे केले. या वेळी चाक भरीव निघाले. दिवाळी संपेपर्यंत इंजिन जोडून झाले. त्याला बाष्पपात्र लावले नाही. घरी केलेले बाष्पपात्र फुटू शकते. सायकलच्या पंपाने हवा दिली. दट्ट्या हलला. चाक फिरू लागले. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि बघत राहिल्या.

मामा म्हणाले, "धातू बिघडला तर पुन्हा ओतता येतो. माणूस पुन्हा ओतता येत नाय. म्हणून आधी मूठ दाबून बघायची."

शिशाबद्दल दोन शब्द

पूर्वी मामी जाळ्याचे शिसे स्वयंपाकाच्या चुलीवर वितळवत. आशाताईंनी त्यांना समजावले. शिशाचा धूर आणि धूळ अंगात साठते. लहान मुलांच्या मेंदूला आणि वाढीला त्याने अपाय होतो. अंगात थोडे गेले तरी ते वाईटच. आता मामी शिसे घरात वितळवत नाहीत. ते काम बाहेर, मोकळ्या हवेत होते. त्याची पळी वेगळी असते. वाऱ्याकडे पाठ करून बसतात. मुले जवळ नसतात. काम झाल्यावर साबणाने हात धुतात आणि मगच जेवतात.

पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तापवतानाही सांभाळा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो.

भाजले तर काय करावे?

भाजलेल्या जागेवर वाहते गार पाणी वीस मिनिटे सोडा. तेल, हळद, टूथपेस्ट लावू नका. चिकटलेला कपडा किंवा धातू ओढून काढू नका. स्वच्छ कापड सैल झाकून ताबडतोब दवाखान्यात न्या.

शब्द वाचा आणि लिहा

ओतारी – धातू ओतून वस्तू करणारा कारागीर
मूस – धातू वितळवण्याचे भांडे
नमुना – ज्यावरून साचा करतात ती लाकडी वस्तू
मळी – वितळलेल्या धातूवर येणारा कचरा
दट्ट्या – नळकांड्यात मागेपुढे होणारा भाग, पिस्टन

प्रश्न

१. मुठीची परीक्षा कशी घेतात? आपल्या शब्दांत सांगा.
२. ओल्या साच्यात धातू ओतला तर तो का उडतो?
३. किनाऱ्यावरची वाळू मामांनी का नाकारली?
४. मामांनी तांडेलांना झाकण करून दिले नाही. त्यांनी बरोबर केले का? वर्गात चर्चा करा.
५. तुमच्या घरी शिसे वितळवतात का? कोठे वितळवतात? ती जागा बदलता येईल का?